तळपायाला लागलेलं ऊन

"अवो, दुसरी चप्पल कुठं टाकून आलात?"

दारात उभ्या तुळजाबाईने विचारलं तेव्हा कुठे रामकिसन टेलरने खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. मस्तगड भागातल्या दुकानापासून घरापर्यंत चप्पल कधी निसटली, त्याला पत्ताच नव्हता.

"तुटली व्हती. फेकून देली," त्याने ठोकून दिलं.

पण उंबऱ्यावर रक्ताचा ठसा उमटला होता. तळव्यात काच रुतली होती, आणि तेही त्याला कळलं नव्हतं.

सहा महिने हेच चाललं होतं. पाय मशीनवर आहे की नाही, ते वाकून पाहावं लागे. एका चुलत्याला महारोगी म्हणून गावाने वेशीबाहेर काढलेलं त्याने लहानपणी पाहिलं होतं. त्या धास्तीने त्याने आपलं ताट वेगळं केलं, अंथरूण दुकानात नेलं आणि सांगितलं, लग्नसराईचं काम आहे. बायको बिचारी आपलं काय चुकलं ते शोधत बसली. आणि हा शूरवीर 'नसांना पोलादी ताकद' असं छापलेल्या टॉनिकच्या चार बाटल्या गुपचूप रिचवून बसला होता!

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर शरयूताईंनी अंगावर चट्टे शोधले, नसा चाचपल्या, खाण्यापिण्याचं विचारलं. माळ घातल्यापासून बारा वर्षं अंडं-मटण बंद, दूधही नवसापायी सोडलेलं. रक्त पुण्याला गेलं. आठवड्याने रिपोर्ट आला.

"महारोग नाही," ताई म्हणाल्या. "तुमच्या अंगात बी-बारा जीवनसत्त्व फार कमी आहे."

"पन बाई, मी तर ताकतीच्या चार बाटल्या पेलो!"

"त्यात बी-बारा नव्हतंच. आणि पोलादी ताकद कुठल्याच तपासणीत सिद्ध झालेली नाही. ज्याला कमी नाही, त्याला वरून घेऊन फायदा नाही. तुमच्या रक्तात कमी दिसतंय, म्हणून इंजेक्शनं लागू पडतील. मटणासाठी माळ काढू नका."

रामकिसन तिथेच ओक्साबोक्शी रडला.

"मंग ताट यापायी येगळं केलं व्हय?" तुळजाबाईने डोळे पुसले. "मला वाटलं, माझा वीट आला."

तीन-चार महिने इंजेक्शनं झाली. उजवा अंगठा अजून जरा बधिर होता. अंगारकीला दोघं राजूरच्या गणपतीला गेली. भर दुपारी देवळासमोरच्या फरशीवर माणसं टाचा उचलत पळत होती. रामकिसन मधोमध थबकला.

"तुळजे, भाजून राह्यलं गं!"

"मंग सावलीत या ना जल्दी!"

"थांब जरा," तो म्हणाला, आणि दोन्ही पाय नीट टेकवून उभा राहिला.