बिनपायाची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. हसू नका! खुर्ची म्हटलं की तुम्हाला लगेच निवडणूक आठवते, ठाऊक आहे मला. पण माझ्यावर आजवर एकही पुढारी बसलेला नाही, आणि बसला असता तर अडकलाच असता. मी जेमतेम दोन वर्षांच्या पोरीच्या मापाची आहे.

माझा जन्म मनीषनगरात, ताराचंद मिस्त्रींच्या दुकानात झाला. माझी पाठ भिंतीच्या कोपऱ्यासारखी, दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी. कारण जिच्यासाठी मला केलं त्या सोनिकाची मान आणि कंबर तोल धरत नव्हती. पुढे ताट ठेवायला फळी, पोटाला मऊ पट्टा, आणि खाली चार उंच, पॉलिश केलेले पाय. त्या पायांचा मला भारी तोरा होता हो!

मला करवून घेतलं रामदासपेठेतल्या एका बालकेंद्रानं. ज्या लेकरांना बसणं, चालणं, बोलणं सहज जमत नाही, त्यांच्यावर अगदी लहानपणीच मेहनत घेणारी ती माणसं. तिथल्या दिपाली मॅडम सोनिकाच्या आईला, मयुरीला म्हणाल्या, "रोज दोन्ही वेळा हिला यात बसवूनच जेवू घाला. मान सावरली की हात मोकळे होतील, मग ती आपल्या हातानं खाईल. या वयात लेकरू जितकं पटकन शिकतं तितकं पुढे शिकत नाही. हे वर्ष वाया घालवू नका."

मयुरीनं मान डोलावली आणि मला एसटीत घालून कुहीजवळच्या आपल्या गावी नेलं. मी तर तय्यारच होते.

दारात सोनिकाची आजी, रुखमाबाई उभी. "वा बाप्पा! काय चमकते!" म्हणून तिनं मला हळदीकुंकू लावलं. मी फुशारले. आणि दुसऱ्या दिवशी तिनं मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून धानाच्या पोत्यांवर नेऊन ठेवलं! "केंद्राची वस्तू हाय. डाग पडले तं का म्हणतील?"

आता काय बोलायचं?

महिन्यातून एकदा मात्र माझी दिवाळी. केंद्राकडून फोनवर निरोप यायचा, खुर्चीत बसलेल्या बाळाचा फोटो पाठवा. मग मला खाली काढायचं, प्लास्टिक सोडायचं, सोनिकाला नवा फ्रॉक घालून बसवायचं, फोटो काढायचा, की परत पोत्यांवर. सोनिका माझी फळी दोन्ही मुठींनी घट्ट धरायची. उचलली की भोकाड पसरायची. मलाही रडू यायचं, पण लाकडाला रडता कुठं येतं!

एरवी ती आजीच्या मांडीवर आडवी पडून, भरवलेला घास गिळायची. असे पाच महिने गेले.

मग केंद्रात सभा भरली. पुढच्या वर्षी काय सुधारायचं, त्याचा आराखडा ठरवायचा होता. मापं तपासायची म्हणून आयांना आपापल्या खुर्च्याही आणायला सांगितलं होतं; मला घेऊन मयुरीसोबत रुखमाबाईही आली होती. भिंतीवर मोठा कागद होता: 'दिलेल्या खुर्च्या बावीस, वापरात बावीस.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीच्या फळीवर दातांचे ठसे होते, पलीकडचीला वाळलेलं वरण चिकटलेलं. मी मात्र नव्या नवरीसारखी कोरी. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दिपाली मॅडमनी माझं प्लास्टिक काढलं. फळीवरून बोट फिरवलं आणि थांबल्या. "ताई, मिस्त्रींची पेन्सिलची खूण अजून इथं आहे. सोनिका यावर पाच महिने जेवली म्हणता?"

मयुरीची मान खाली गेली. रुखमाबाई पुढे झाली.

"तिले नोका बोलू मॅडम. मीच ठेवाले लावली."

"का बरं, आजी?" मॅडमनी विचारलं.

"डागाचं तं निमित्त हाय. आमच्या घरी सारे खाली बसून जेवतात. हे खुर्ची पाहा, केवढी उंच! पोरीले वर बसवलं तं ते एकटी पडते, अन् भरवाले एकीले उभं राहा लागते. दिवसभर चिखलात वाकून धानाचा रोवणा करून आल्यावर कोणाच्या पायात जीव राहते?" मग ती मॅडमकडे वळली. "तुम्ही दर महिन्याले फोटो मागतला. पोरगी जेवते कुठं, हे कधी ईचारलंच नाई."

मागून एक आई म्हणाली, "आमच्या घरीबी असंच हाय जी." मग दुसरी. मग तिसरी.

मला वाटलं, आता मॅडम भडकतील. पण त्या बाई खऱ्या! म्हणाल्या, "चुकलं माझं. माझ्या घरी डायनिंग टेबल आहे. मी त्याच्याच उंचीची खुर्ची सांगितली." त्यांनी भिंतीवरची 'वापरात बावीस' ही ओळ सरळ खोडली आणि खाली लिहिलं: 'लेकरू घरच्यांसोबत बसून जेवतं का? आधी घरी जाऊन बघायचं, मगच माप घ्यायचं.' आराखडा त्या ओळीपासून नव्यानं सुरू झाला.

आणि माझे पाय? ताराचंद मिस्त्री करवत घेऊनच आमच्या घरी आले. चारही पाय गेले. माझा सगळा तोरा भुशासारखा जमिनीवर पडला. त्या दिवशी मी मनातल्या मनात मिस्त्रींना फार शिव्या घातल्या.

पण संध्याकाळी मला पंगतीत ठेवलं, आजी आणि मयुरीच्या मधोमध. सोनिकाचं ताट सगळ्यांच्या ताटांच्या रांगेत आलं. पहिले कित्येक दिवस मान कलंडायची, वाटी लवंडायची, हळद माझ्या अंगात मुरायची. दिपाली मॅडम दर पंधरवड्याला येऊन त्याच पंगतीत खाली बसायच्या. चौथ्या महिन्यात एका दुपारी सोनिकानं वरणभातात मूठ घातली. मूठ आधी कानाला लागली, मग नाकाला, आणि मग तोंडात गेली.

"अवं मयुरी, पाह्य वं! पोरगी आपल्या हातानं जेवून राहिली!" रुखमाबाई ओरडली आणि डोळ्यांना पदर लावला. मयुरीला तर हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात सोनिकानं दुसरी मूठ भरलीसुद्धा.

आता सोनिका माझ्यात मावत नाही. भिंतीला टेकून पाटावर बसते, तिखट मागते. म्हणून काल रुखमाबाईनं मला उचललं आणि केंद्राच्या यादीतल्या पुढच्या घरी, शेजारच्या गावच्या हर्षाकडे, तिच्या लेकरासाठी, स्वतः पोचवायला आली. माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे: एखाद्या लेकरासाठी काही करायचं असेल, तर आधी त्याच्या घरी खाली बसून बघा.

हर्षानं बिचारीनं पदरानं माझी फळी पुसली. "किती चांगली हाय जी! जपून ठेवतो."

रुखमाबाईनं तिचा हात धरला.

"जपू नोको वं माय. पुढच्या महिन्यात येऊन पाहीन. नवे डाग नाई दिसले, तं उचलून परत नेईन!"