आईकडून आलेलं

सुलक्षणा दौंडला अकरावीच्या वर्गाला जीवशास्त्र शिकवायची. कधीकाळी एका पेशीनं एक जिवाणू गिळला, पण तो पचला नाही. आतच राहिला, पेशीला ऊर्जा देऊ लागला, तोच आजचा मायटोकॉन्ड्रिया, हे ती रंगवून सांगायची.

तिचा पप्पू चार वर्षांचा असताना चालता चालता पडायला लागला. मग बोलणं गेलं, गिळणं गेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "दोष मायटोकॉन्ड्रियात आहे, मॅडम. आणि तो फक्त आईकडून येतो, हे तुम्हाला मी काय सांगणार? बहीण असेल तर तिलाही सांगा."

दिवाळीच्या आधी पप्पू गेला.

धाकटी बहीण मोनाली कवठ्याला दिलेली, पाच महिन्यांची गरोदर. सुलक्षणानं आधी आईला, दगडाबाईंना गाठलं. त्यांचेही दोन मुलगे असेच, पाळण्यातून उतरायच्या आत गेले होते. सगळं ऐकून म्हातारी भिंतीला टेकली.

"म्हंजी माझी पोरं माझ्यामुळंच गेली?"

"तुला तुझ्या आईकडनं आलं, तिला तिच्या आईकडनं. यात कुणाचाच दोष न्हाई गं."

"मग मोनीला सांगू नगंस. पोटुशी हाय ती."

तरीही सुलक्षणानं सांगितलं. मोनाली निवडायला घेतलेली मेथी तशीच हातात धरून बसली.

"माझं बाळ जगंल का, ताई?"

"काही पोरं धडधाकट निघतात. आपण दोघी निघालोच की. पण आधी सांगता येत न्हाई."

"तुला एवढं कळतं, आन् हेच कळत न्हाई?"

मोनालीला मुलगी झाली. ज्ञानेश्वरी. गुटगुटीत, हसरी. वर्षाची झाली तेव्हा सुलक्षणा दौंडहून एसटीनं कवठ्याला गेली. पोर धरून धरून चालत होती. सुलक्षणाची नजर तिच्या पावलांवरून हलेना. पोर एकदा धपकन बसली आणि सुलक्षणा धावली. पोर हसत उठलीसुद्धा.

मोनालीनं तिला झटकन उचललं. "ताई, राग मानू नकोस. पण तू येत जाऊ नकोस. तू अशी बघतेस, की मला हिच्यात पप्पू दिसाय लागतो."

आणलेलं झबलं सुलक्षणानं कॉटवर ठेवलं आणि चपला घातल्या. मोनाली दारापर्यंत आली नाही.

त्यानंतर ज्ञानेश्वरीची खबर सुलक्षणाला आईकडूनच कळते. फोन वाजला, की उचलायच्या आधी ती खाली बसून घेते.