नावापुढची चांदणी

“मग ठरलं तर,” मुख्याध्यापक ऑस्ट्रँडर म्हणाले आणि पाचही शिक्षकांनी टेबलाकडे बघत माना हलवल्या. “व्हर्ना, लिहून घ्या. जॅनेल रस्क. ऑनर सोसायटीचं सभासदत्व रद्द. कारण, चारित्र्य.”

व्हर्ना कोलारची पेन्सिल थांबली. नेब्रास्कातल्या त्या लहानशा गावच्या हायस्कुलात ती सव्वीस वर्षं ऑफिस सांभाळत होती. शाळेतल्या निवडक गुणी मुलांच्या या सोसायटीत निवड झालेल्यांची पत्रं दर वसंतात तीच टाइप करायची. हुशारी, नेतृत्व, सेवा, चारित्र्य ही चार कलमं तिने झोपेतही घडाघडा म्हटली असती. पण बैठकीत तिने आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

“आणि कर्टिस?” तिने विचारलं.

“कर्टिसचं काय?”

“तोही सभासद आहे, सर. बाळ काही तिचं एकटीचं नाही. अख्ख्या गावाला ठाऊक आहे.”

एक शिक्षिका खाकरली. ऑस्ट्रँडर समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो, त्याच्याकडे बघून कुणाला काही कळतं का? हिला आता पाचवा महिना लागेल. लोक मला विचारतायत.”

व्हर्नाने लिहून घेतलं. पत्रही तिनेच टाइप केलं, एकही चूक न होऊ देता.

जॅनेल वर्गात पहिली होती. रोज तिसऱ्या तासाला ती ऑफिसात मदतीला यायची, फोन घ्यायची, हजेरीपत्रकं लावायची. पत्र पोस्टात टाकणं व्हर्नाच्या जिवावर आलं, म्हणून तिने ते जॅनेलच्या हातातच दिलं. जॅनेलने उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली.

“तुमचं टायपिंग फार सुरेख आहे, मिसेस कोलार,” ती म्हणाली.

टोमणा होता की काय, ते व्हर्नाला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जॅनेल ऑफिसात आली नाही.

मे महिन्यात शाळा संपवणाऱ्या मुलांच्या पदवीदान समारंभाची पत्रिका टाइप करायची होती. सोसायटीच्या मुलांच्या नावापुढे चांदणी असायची. आर अक्षराशी व्हर्ना पोचली. ‘रस्क, जॅनेल’ टाइप केलं, क्षणभर थांबली, आणि चांदणीची कळ दाबली. बोट चुकून पडलं नव्हतं. मग सायक्लोस्टाइलवर सगळ्या प्रती काढल्या.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी ऑस्ट्रँडर पत्रिका घेऊन आले. “हे काय आहे?”

“चांदणी आहे, सर.”

“दिसतंय मला! आता पुन्हा काढायला कागद नाही. काळ्या मार्करने खोडा. सगळ्या प्रतींवर.”

नाही म्हणता आलं असतं. तेवढा एकच शब्द होता. पण विधवा बाई, निवृत्तीला चार वर्षं उरलेली. तिने मार्करचं टोपण काढलं. दुपार टळेपर्यंत ती खोडत बसली. बोटं काळी झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत भरलेल्या समारंभात लोकांनी पत्रिका उघडल्या. स्वच्छ पानावर एकच काळा डाग. चांदणी तशीच राहिली असती तर कुणाची नजरही गेली नसती. आता जो तो कागद उजेडाकडे धरून बघू लागला. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. तिसऱ्या रांगेत जॅनेलची आई लॉरेटा बसली होती. अंडी निवडण्याच्या शेडमध्ये काम करणारी ही बाई, त्या दिवसासाठी निळा पोशाख शिवून आलेली. तिने पत्रिका घडीवर घडी घालून इवलीशी केली आणि पर्समध्ये टाकली. कर्टिस गळ्यात सोसायटीचा सोनेरी पट्टा घालून गेला तेव्हा टाळ्या कडकडल्या. जॅनेलच्या वेळी त्या मोजक्याच वाजल्या. दारापाशी उभी असलेली व्हर्ना वाजवत राहिली, पण शेवटच्या रांगेमागून ते कुणाला ऐकू जाणार?

आठवड्याने जॅनेल गुणपत्रक न्यायला आली.

“ओमाहाला चाललेय, मावशीकडे. दवाखान्यात फोन घ्यायचं काम मिळालंय.”

“आणि कॉलेज?”

“बघू.” ती टेबलाला टेकून उभी राहिली. “ते डाग तुम्ही पाडलेत ना?”

“हो.”

“सगळे?”

“चारशे बारा.”

“आणि त्याखालची चांदणी?”

“तीही मीच.”

जॅनेल सरळ उभी राहिली. “आईला वाटलं, आमची थट्टा करायला मुद्दाम छापली आणि खोडली. अजून रडते.”

“मी नाही म्हणायला हवं होतं, पोरी. पत्राच्याच वेळी.”

“हो,” जॅनेल म्हणाली. “म्हणायला हवं होतं.”

आवाजात राग नव्हता. त्यामुळे ते जास्तच लागलं. जॅनेल पायाशी ठेवलेलं, लॉकरमधल्या पुस्तकांचं खोकं उचलायला वाकू लागली, तशी व्हर्ना खुर्चीतून उठली आणि तिने ते उचललं. त्याच वेळी फोन वाजला.

“व्हर्ना, फोन!” आतून ऑस्ट्रँडर ओरडले.

ती थांबली नाही. खोकं छातीशी धरून ती जॅनेलबरोबर आवारात गेली. तिच्या मोटारीच्या मागच्या सीटवर ते ठेवलं, पुढचं दार उघडलं. पोट सांभाळत, एका हाताने छताचा आधार घेत पोर हळूहळू आत बसू लागली. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजू लागला. खिडकीतून परत हाक आली. पोरीचा दुसरा पाय आत जाईपर्यंत व्हर्ना दार धरून उभी होती.