वार्देलचा लाल दोरा

"एवढा मोठा माणूस, आणि कच्चे टाके काढायला घरात कुणी नव्हतं?" उर्मिला माझ्या कानाशी पुटपुटली.

आम्ही दोघी त्या पांढऱ्या गाऊनवर ओणवलो होतो. दुबईत जबल अलीच्या गोदामातली ही खोली कपड्यांसाठी थंड ठेवतात. बाया गारठल्या तरी चालतं. पॅरिसच्या लुसियां वार्देलचे साठ पोशाख प्रदर्शनासाठी आले होते. ते वाफेवर सरळ करून पुतळ्यांना चढवायचं काम आमचं. सोळाव्या वर्षी इस्त्री धरलेला हा माणूस पुढे राण्यांचे कपडे बेतू लागला. त्याची शिवण शोधून सापडत नाही, अशी ख्याती. आणि इथे कमरेपासून घेरापर्यंत लाल दोरा, तोही वाकडातिकडा, शिकाऊ पोरीने घातल्यासारखा.

मी शिवण कुठल्या क्लासात शिकले नाही. लोकांचे जुने ब्लाउज उसवून शिकले. कच्चा टाका दिसला की हात थांबत नाही माझा. दहा मिनिटांत सगळा दोरा कातरून ओढून काढला आणि वर म्हटलं, "बघ, आता कसं शोभतंय!"

तेवढ्यात आमचे सुपरवायझर सदानंदसर फाइल घेऊन आले. त्यांनी गाऊनकडे पाहिलं, मग फाइलकडे, पुन्हा गाऊनकडे.

"छायाताई, लाल दोरा कुठंय?"

उर्मिलाची नजर कचऱ्याच्या डब्याकडे गेली.

सर वाचू लागले. वार्देलचा शेवटचा, अपुरा पोशाख. मरणाच्या आदल्या दिवशी त्याने स्वतः घातलेले कच्चे टाके. हात लावू नये.

मी डब्याकडे धावले.

"चार वाजता मादाम सोलांज बघायला येतायत," सर म्हणाले. "तीस वर्षं त्याचं शिवणघर सांभाळलंय त्यांनी. आणि हे बघा, इथे काही झालेलं नाही. ओके? काहीच नाही."

दीड वाजला होता. माझा व्हिसा कंपनीचा. माझ्या लेकीचे, इराचे बाबा गेल्यापासून तिचा व्हिसा माझ्यावर, आणि गेल्याच महिन्यात ती अल ऐनला कॉलेजात लागलेली. नोकरी गेली तर दोघींनी बॅगा भरायच्या. तिला फोन केला असता तर म्हणाली असती, "मम्मा, चिल." चिल तर मी झालेच होते, पार बोटांच्या टोकापर्यंत.

डब्यातल्या दोऱ्याचे तुकडेच तुकडे झाले होते. त्यातल्या त्यात जुळणारं लाल रीळ काढलं. रेशमावर सुईची भोकं बुजत नाहीत, हीच देवाची कृपा. भोकामागून भोक धरत गेले. हात इतका कापत होता की एकही टाका सरळ पडेना. उर्मिला दाराशी उभी राहून रामरक्षा म्हणत होती, मध्येच चुकत होती.

चारला मादाम आल्या. चिमणीएवढी म्हातारी, हातात काठी, पांढरे हातमोजे. बाकीच्या एकोणसाठांकडे न बघता थेट पांढऱ्या गाऊनशी गेल्या आणि हळूच गुडघ्यांवर बसल्या. सर घाईघाईने खोलीचं तापमान सांगू लागले. उर्मिलाने विचारलं, "मादाम, सुलेमानी चहा? बिनदुधाचा?"

मादामनी हातमोजा काढला. उघड्या बोटाने एकेक टाका चाचपत खाली खाली गेल्या. 

त्यांनी मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते.

"शेवटी हात फार कापायचा त्यांचा," त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "म्हणून टाके असे. तरी दुसऱ्या कुणाला सुई धरू द्यायचे नाहीत. वर्षातून एकदा मी या टाक्यांना हात लावायला येते."

सरांनी सुस्कारा सोडला. "खलास, मिटलं एकदाचं," उर्मिला माझ्या कानात म्हणाली, "वाचलो गं बाई!"

आता फक्त गप्प राहिलं की झालं. मादामचं बोट शेवटच्या गाठीशी येऊन थांबलं होतं. माझ्या गाठीशी. लेकराच्या टाळूवरून फिरवावं तसं त्या बोट गाठीवरून फिरवत होत्या.

"मादाम," मी म्हटलं. सरांनी माझ्या पावलावर बूट दाबला. "त्यांचे टाके मी उसवले. हे माझे आहेत."