बिनखिळ्याची खुर्ची

‘‘आवाज करायचा नाही हं. कुणीही बसो, नीट धरायचं आणि गप्प राहायचं.’’

खुर्ची म्हणून मी ऐकलेलं हे पहिलं सांगणं. सांगणारा एक सुतार होता. त्याच्या कानावर पेन्सिल होती, मिशीत भुसा होता, आणि तो माझ्या पाठीवरून असा हात फिरवत होता, जणू मी त्याची शाळेत निघालेली मुलगीच आहे.

मित्रांनो, मी शिवणकामाच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे. रुंद बैठकीची, बिनहातांची. खुर्ची होण्याआधी मी एक दार होते. दाराचा अर्धा जन्म ‘कोण आलं असेल?’ याच विचारात जातो. तो चौकसपणा अजूनही माझ्या लाकडातून गेलेला नाही. ते घर पाडलं तेव्हा मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं. सुताराने बोटाने टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘हे अजून जिवंत आहे.’’ मग मला घरी आणून त्याने करवतीने कापलं, रंध्याने गुळगुळीत केलं आणि आपल्या धाकट्या बहिणीसाठी माझी खुर्ची केली.

या सुताराचा एक नेम होता. तो खिळा वापरत नसे. लाकडात खाच करायची, खाचेत दुसरं लाकूड बसवायचं, सरस लावायचा आणि धीर धरायचा. ‘‘खिळा म्हणजे घाईचं काम,’’ तो म्हणे. माझ्या अंगात एकही खिळा नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अभिमानाने सांगायचा, ‘‘चुंबक लावून बघा!’’

त्याच्या बहिणीला दुकानात सगळे ताई म्हणत. भाऊ मात्र तिला चिमणी म्हणायचा. लहानपणी ती काडीसारखी होती म्हणे. सकाळी ती माझ्यावर बसायची, मशीनवर हात ठेवून क्षणभर डोळे मिटायची, ओठ हलायचे, आणि मगच सुईत दोरा ओवायची. हा नेम तिने तापातसुद्धा मोडला नाही. ते शब्द कोणते, हे जाणून घ्यायची मला फार उत्सुकता होती. पण देवाशी चाललेलं बोलणं खुर्चीने चोरून ऐकू नये, म्हणून मी कधी कान दिला नाही.

कापड कापण्याची तिची एक रीत होती. आधी मोजायचं, परत मोजायचं, आणि शिवताना आधी कच्चा टाका घालायचा. मग माणसाला घालून बघायला सांगायचं. कुठे काचतंय? कुठे झोळ येतोय? मगच पक्की शिलाई. ‘‘उसवता येतं ते सगळं चालतं,’’ ती म्हणायची, ‘‘कात्री मात्र परत फिरत नाही.’’

वर्षं गेली. तिला मुलगी झाली. मुलगी रांगत होती तेव्हाच ताईचा नवरा वारला. मग दुकान, लेक आणि मशीन एवढंच तिचं जग उरलं. दिवसभर बसून काम, मिळेल तेव्हा खाणं. तिचं वजन वाढू लागलं. तिने काय केलं नाही? गोड सोडलं, रात्रीचं जेवण सोडलं, पहाटे फिरायला गेली. वजन उतरायचं, आणि मग पाहुण्यासारखं परत यायचं, येताना चार नातेवाईक घेऊन. ती कुणाला दोष देत नसे. फक्त म्हणे, ‘‘माझाच नेम कच्चा.’’

एका समारंभात तिच्याखाली प्लास्टिकची खुर्ची मोडली. लोक हसले. तेव्हापासून बाहेर कुठेही गेली की ती उभीच राहायची. ‘‘दिवसभर बसूनच असते हो मी, जरा उभी राहते!’’ असं हसून सांगायची. परत आली की माझ्यावर बसून गुडघे चोळायची. म्हणजे जगात तिची हक्काची अशी एकच खुर्ची राहिली होती, आणि ती मी.

आणि मित्रांनो, मीही म्हातारी होत होते. तिच्याखाली माझे सांधे कुरकुरू लागले. मला गप्प राहायला सांगितलं होतं, पण लाकडाचं तोंड कोण धरणार?

एकदा ती दोरे आणायला बाजारात गेली असताना तिचा भाऊ आला. त्याने मला उलटं केलं. खिशातून काटकोनी पट्टीचा एक लोखंडी अँगल काढला. बराच वेळ तो नुसता हातात धरून बसला. मग त्याने तो माझ्या पोटाखाली स्क्रूने घट्ट बसवला आणि हळूच म्हणाला, ‘‘चिमणीला कळता कामा नये.’’ मला मोठं नवल वाटलं. लोखंडाचं नाव काढलं तरी नाक मुरडणारा हा माणूस असं का करतो? पुढे तो असाच अधूनमधून यायचा. ती नसताना. प्रत्येक वेळी एक नवा अँगल.

मग एक दिवस सुई पडली.

ताईला वाकता येत नसे. म्हणून तिने सुतळीला एक लोहचुंबक बांधून ठेवलं होतं. गळ टाकल्यासारखं ते जमिनीवर सोडायचं आणि पडलेल्या सुया-टाचण्या ओढून घ्यायच्या. त्या दिवशी चुंबक खाली जायच्याऐवजी झोका घेऊन आत वळलं आणि टक्‌कन माझ्या पोटाला चिकटलं.

‘‘हे काय गं?’’ ती लेकीला म्हणाली. ‘‘लाकडाला चुंबक कधीपासून चिकटायला लागलं?’’

लेक आता कॉलेजात जाण्याएवढी झाली होती. तिने आईला उठवलं आणि मला उलटं केलं. दोघी बघतच राहिल्या. एक अँगल गंजून तांबडा झाला होता, एक काळा पडला होता आणि एक अगदी कालचा असावा तसा चकचकीत. ताईने एकेकावरून बोट फिरवलं. मग तिने भावाला फोन लावला.

‘‘दादा, आत्ताच्या आत्ता ये. नाही, मशीन नाही बिघडलं. तू बिघडलायस.’’

तो आला. मला पाय वर करून पडलेली पाहताच त्याचा चेहरा पकडलेल्या चोरासारखा झाला.

‘‘तुझ्या कामात खिळा नसतो ना रे?’’

‘‘खिळा नाहीच आहे,’’ तो जमिनीकडे बघत म्हणाला. ‘‘स्क्रू आहेत.’’

ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. ‘‘मला सांगायचं नाही?’’

‘‘सांगितलं असतं तर तू उभ्याने शिवत बसली असतीस. मी ओळखत नाही का तुला?’’

‘‘मामा,’’ लेक मध्येच म्हणाली, ‘‘खुर्चीला तू लोखंड लावलंस. आईच्या गुडघ्यांना काय लावणार आहेस? हिची साखर वाढलीय. झोपेत हिचा श्वास मध्येच थांबतो, ठाऊक आहे? तो परत सुरू होईपर्यंत मी जागी राहते. डॉक्टरांनी हिला पोटाच्या ऑपरेशनचं सांगितलंय. वजनाच्या. वर्ष झालं. ही बोलतच नाही.’’

 मी उलटी असले तरी कान सरळच होते.

‘‘काय बोलू?’’ ताई म्हणाली. ‘‘मी टेबलावरच गेले तर तू कुणाकडे बघशील?’’

‘‘आणि या खुर्चीत गेलीस तर?’’

 भाऊ म्हणाला, ‘‘मला तर नुसत्या नावानेच घाम फुटतो. पण तुम्ही दोघी असं मनातल्या मनात कुढू नका.’’

‘‘बोलतोय कोण!’’ ताईने मला हात लावला. ‘‘ठरलं तर. आजपासून गुपचूप काही करायचं नाही. भीती वाटली तर तीसुद्धा तोंडावर सांगायची. दे वचन.’’

तिघांनी माझ्या उलट्या बैठकीवर हात ठेवून वचन दिलं.

शल्यचिकित्सक बाईंकडे जायचं ठरलं तेव्हा भाऊ हट्टाला पेटला. ‘‘तिथल्या खुर्च्यांना हात असतील. परत कुणी हसायला नको.’’ आणि मित्रांनो, त्याने मला दोरीने बांधून टेम्पोत घातलं! दार असताना मी कितीतरी लोकांना बाहेर पडताना पाहिलं होतं, पण स्वतः अशी पहिल्यांदाच हिंडायला निघाले होते.

दवाखान्यात पोचलो आणि भावाचं तोंड उघडंच राहिलं. तिथल्या सगळ्या खुर्च्या रुंद होत्या. बिनहातांच्या. भक्कम. बसलेली माणसंही ताईसारखीच होती आणि कुणी उभं नव्हतं.

‘‘ही खुर्ची कुणाची?’’ टेबलापाशी बसलेल्या मुलीने विचारलं. ‘‘दाखवायला आणलीय का?’’

‘‘हो ना,’’ ताई म्हणाली. ‘‘हिच्या पोटात लोखंड निघालंय.’’

सगळे हसले. ती हसणाऱ्यांच्यात बसून हसली, कित्येक वर्षांनी. तरी आत जाताना मात्र ‘‘माझी तीच बरी’’ म्हणून तिने मला सोबत घेतलं. त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः ऐकलं.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर जठराचं चित्र काढलं. त्याचा बराचसा भाग काढून टाकायचा, आणि उरलेल्याची एक अरुंद नळी ठेवायची. मग थोड्या खाण्याने पोट भरतं, भूकही कमी लागते.

‘‘आणि कडा कशी शिवता?’’ ताईने विचारलं.

‘‘बारीक धातूच्या पिना असतात, त्यांची ओळ.’’

‘‘उसवली तर?’’

‘‘उसवू शकते. फार थोड्या जणांची उसवते. पण तुमची उसवणारच नाही असं मी म्हणणार नाही. रक्तस्राव होऊ शकतो. पायात रक्ताची गाठ होऊ शकते, म्हणून त्याच दिवशी चालवतो. तुमचा श्वास झोपेत थांबतो, म्हणून भूल देताना जास्त काळजी घ्यावी लागेल. पुढे गोळ्या जन्मभर. केस काही दिवस गळतात. आणि लक्ष दिलं नाही तर वजन परतही येतं.’’

‘‘अहो, चांगला धडधाकट अवयव कापायचा?’’ भावाला राहवेना. ‘‘चांगलं लाकूड मी कधी कापून फेकत नाही.’’

‘‘मलाही आवडत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणून आधी बाकीचे उपाय विचारते. आणि ऑपरेशन न करण्याचाही धोका मांडते. साखर, हृदय, श्वास. तो धोका दिसत नाही, कारण तो हळूहळू येतो.’’

 ताई खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘बाकीचं सगळं करून बघितलं हो. सगळे नेम मोडले. माझं मनच कच्चं.’’

‘‘मन कच्चं असतं तर एकटीने दुकान चालवून मुलगी वाढवली नसतीत. वजन उतरलं की शरीर घाबरतं. भूक वाढवतं आणि गेलेलं परत मागतं. हा मनाचा दोष नाही.’’

त्या वाक्यानंतर ताईची पाठ माझ्या पाठीला सैलावून टेकली. इतकी वर्षं ती ताठ बसत होती, हे मला तेव्हा कळलं.

‘‘आमच्यात आधी कच्चा टाका असतो,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्यात नाही?’’

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘‘आहे, एका अर्थी. दोन-एक महिने ऑपरेशननंतर जगायचंय तसं जगून बघा. थोडं थोडं खायचं, चावून, वेळेवर. झोपताना श्वासाचा मुखवटा लावायचा. रोज चालायचं, एक दिवसही न चुकवता, अगदी भरती व्हायच्या सकाळपर्यंत. काचतंय का बघा. आणि नको वाटलं तर भूल देईपर्यंत ‘नको’ म्हणायचा हक्क तुमचाच.’’

‘‘चालेन,’’ ताई म्हणाली. ‘‘हे वचन.’’

मग कच्च्या टाक्याचे दिवस सुरू झाले. दुकानात फुफ्फुसांच्या व्यायामाचं एक मजेदार यंत्र आलं. त्यात तीन चेंडू. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर चढायचे. गिऱ्हाइकं विचारायची, ‘‘ताई, हे काय खेळणं?’’ ती म्हणायची, ‘‘म्हातारपणी आणलंय.’’ सकाळी ती कोपऱ्यापर्यंत चालून यायची. आधी धापा टाकत, मग कमी धापा टाकत. लेक सांगायची की मुखवटा लावल्यापासून तिलाही झोप लागते. काही दिवशी ताई माझ्यावर धपकन बसायची आणि म्हणायची, ‘‘नकोच बाई ते. आहे ते बरं आहे.’’ त्याच आठवड्यात पुन्हा, ‘‘करूनच टाकते.’’ मला उत्सुकता लागून राहिली होती. हिचं शेवटी काय ठरणार?

ठरलं ते कापड मोजता मोजता. लेकीच्या ड्रेसचं कापड होतं. खडूची रेघ ओढता ओढता ती म्हणाली, ‘‘भीती काही गेली नाही गं. पण आता तिचा पुढचा-मागचा भाग कळला. करते मी.’’  लेकीने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी दोघींचा भार धरला.

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणी बसताना खुर्ची कुरकुरली तर हसू नका, आणि ऐकलंच नाही असंही दाखवू नका. माझ्यासारखीला खाली अँगल लावता येतो. माणसाला मात्र शेजारी बसून विचारावं लागतं, ‘‘काय होतंय तुला?’’ गप्प राहून धरून ठेवणं ही माया खरी, पण अर्धी. हे शिकायला मला दोन जन्म लागले. तुम्ही एकातच शिका.

आज सकाळी ती लवकर दुकानात आली. पिशवी भरलेली होती. भाऊ दारात उभा होता. त्याने टोपी काढली, परत घातली.

‘‘चिमणे, मला भीती वाटतेय,’’ तो म्हणाला. ‘‘वचन दिलंय म्हणून सांगतो.’’

‘‘मलाही,’’ ती म्हणाली. ‘‘आणि ऐक. परत आले की यातला एकही अँगल माझ्यामागे काढायचा नाही. आधी मला बसून बघू दे, मग माझ्यासमोर काढ.’’

‘‘बरं. टेम्पो आणलाय, चल. पिशवी ठेवतो.’’

‘‘पिशवी ने. लेकीलाही बसव. मी कोपऱ्यापर्यंत चालत येते.’’

ती माझ्यावर बसली. मशीनवर हात ठेवून डोळे मिटले, ओठ हलले. या वेळी मी कान दिला. शब्द फारसे नव्हतेच. नुसतं ‘‘सांभाळ’’ एवढंच. कुणाला, ते तिने सांगितलं नाही.

मग तिने लेकीचा ड्रेस माझ्या बैठकीवर घडी करून ठेवला. त्याला कच्चा टाका होता. पक्की शिलाई बाकी होती.

दार हलकेच लोटून ती पायरी उतरली. दाराच्या फटीतून मला दिसलं, टेम्पो पुढे निघून गेला होता. रस्ता रिकामा होता, तिला बघायला कुणीही नव्हतं. तरी ती रोजच्यासारखीच, एकेक पाऊल नीट टाकत, कोपऱ्याकडे चालू लागली.