टाकीचं झाकण

"मेली," भावोजी म्हणाले आणि स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

जुना पिकअप चढाच्या मध्यावर उभा राहिला होता, गेल्या गुरुवारी राहिला त्याच वळणावर. मिस्त्रीने खाली उतरून आधी चाकाला दगड लावला. घड्याळ बघायचं त्याने मुद्दाम टाळलं. केबिनमध्ये बसलेल्या बहिणीला घेऊन नवाला दवाखान्यात पोचायचं होतं. गेल्या वेळी उशीर झाला तेव्हा तिचं डायलिसिसचं मशीन दुसऱ्याला दिलं गेलं, आणि पुढचे दोन दिवस तिने उशांना टेकून बसून काढले. आडवं झालं की जीव गुदमरायचा. आज तसं होऊन चालणार नव्हतं.

"पंप नवा, फिल्टर नवा, लाइन मी स्वतः फुंकून साफ केली," बॉनेट उघडत तो पुटपुटला. तीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस, आणि सख्ख्या बहिणीची गाडी त्याला दाद देत नव्हती. अर्धा तास सुरळीत चालायची, मग ओढ कमी व्हायची, ॲक्सिलरेटर कितीही दाबा, आचके द्यायची आणि बंद. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की त्याची जीभ सुटायची.

"भावोजी, डिझेल कुठलं पाजता हो हिला? भेसळीचं असणार."

"तुम्हीच सांगितलेल्या पंपावरचं," भावोजी शांतपणे म्हणाले. "गेल्या आठवड्यात माझं क्लच दाबणं चुकीचं होतं, आज डिझेल. माझ्यातच दोष असेल तर तसं सांगून टाका."

केबिनमधून बहीण म्हणाली, "दादा, भांडत बसू नकोस रे. त्यांना चालू करू दे. त्यांच्याकडे मंतर आहे."

"कसला मंतर?"

भावोजी ओशाळले. "मंतर कसला! डिझेल संपलं की काय म्हणून मी झाकण काढून टाकीत डोकावतो. डोकावलं की चालू होते. हसाल तुम्ही."

मिस्त्री हसलाच. "मग डोकावा की! मी उगाच जन्मभर पाने फिरवले."

भावोजींनी झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत गेली, कितीतरी वेळ जात राहिली. मिस्त्रीचं हसू जागच्या जागी विरलं. भावोजींनी दोन-तीनदा किल्ली मारली आणि इंजिन सुरू झालं.

त्याने झाकण हातात घेऊन उलटंपालटं केलं. हवेचं भोक नव्हतं. टाकीतून जेवढं डिझेल जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी डिझेल सोडत नाही. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दोन महिन्यांपूर्वी बहीण म्हणाली होती, "दादा, डिझेलच्या वासाने मळमळतं रे." त्याच दिवशी त्याने ढिलं झाकण फेकून दिलं, भंगारातून दुसऱ्या गाडीचं घट्ट झाकण शोधलं, त्यात दुहेरी रबर घालून पिळून बसवलं. किती खूश झाली होती ती! आणि मग काखेत कळसा, गावाला वळसा. पंप बदलला, फिल्टर बदलला, भावोजींना बदलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

झाकण गुपचूप खिशात टाकून 'लाइनमध्ये हवा धरली होती' म्हटलं असतं तरी खपलं असतं. त्याने केबिनकडे पाहिलं. बहिणीने चपला काढून ठेवल्या होत्या. सुजलेल्या पावलांवर पट्ट्यांचे वळ होते.

"भावोजी," तो म्हणाला, "दोष तुमच्यात नाही. हे झाकण मी बसवलंय. तिचा श्वास मीच कोंडला."

तिचा म्हणजे गाडीचा, पण ते त्याला पुढे म्हणता आलं नाही.

भावोजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. "बसा," ते म्हणाले, "उशीर होतोय."

त्याने टाकीच्या तोंडाला फडकं सैलसर बांधलं, दगड काढला आणि बहिणीशेजारी बसला. गाडी चढ चढू लागली, कुठेही न अडखळता. वळणावळणाला वासाचा भपकारा आत येत होता. बहिणीने रुमाल नाकाला लावला.

"दादा, वास येतोय."

"हो गं."

"येऊ दे," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

झाकण अजून त्याच्या मुठीत होतं. आता कुठे त्याने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.