कुंकवाची डिस्क

बायको, सुकन्या, वारल्यापासून खर्ड्याकडच्या लग्नांचं शूटिंग वाल्मिक एकटाच करत होता. कॅमेरा जमायचा. दुकानातला कॉम्प्युटर मात्र त्याला कळत नव्हता, तो तिचा प्रांत. तिनं त्यात दोन डिस्क बसवल्या होत्या. एकीवर जे उतरेल तेच दुसरीवर. ती गेल्यावर त्यातली एक बंद पडली, म्हणून त्यानं नवी बसवून घेतली. तरी जुनं लग्न चटकन उघडायचं आणि नवं उतरवायला घेतलं की दुपार जायची.

शेवटी त्यानं मेव्हणीला, पंकजाला, बोलावलं. तिचं जामखेडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"नवी घातली तरी आसं का?" त्यानं विचारलं.

"दाजी, वाचायचं आसलं की जी मोकळी आसंल ती देते. लिवायचं आसलं की दोघींनी लिवल्याबिगर काम संपत न्हाई. जुनी थकलीय. नवी आपलं लिवून तिची वाट बघत बसते. जुनी काढू."

जुनीवर कुंकवाचं बोट होतं. खंडेनवमीला सुकन्या कॅमेरा, लाईट पुजायची, तसं झाकण उघडून डिस्कलाही कुंकू लावायची. आणि तिच्यात एका लग्नाचं न कापलेलं शूटिंग होतं. कॅमेरा सुकन्याकडे, म्हणून ती दिसत नव्हती, मधेच नुसती ऐकू यायची, "अवो, लाईट कुनाच्या तोंडावर मारताय? नवरी हिकडं हाय." तिचा आवाज म्हणून तेवढंच राहिलं होतं.

"ते नवीवरबी हाय," पंकजा म्हणाली.

"नवी सुकन्यानं बघितलीबी न्हाई. मग तिच्यावर कसं?"

"बसवली तवाच जुनीवरनं उतरलं."

"मग खरं कोनचं?"

"दोन्ही खरं."

"दोन्ही खरं आसतं तर तू एक काढाय सांगितली नसती."

पंकजा हसली. "ताई म्हनायची ते खोटं न्हाई. तुमाला वायर आन् सुतळी सारखीच. कॉम्प्युटर बंद करते. तुमच्या हातानंच काढा. न्हाई आला आवाज तर परत घालू."

त्यानं डिस्क ओढून काढली आणि मांडीवर धरून बसला. पंकजानं कॉम्प्युटर सुरू करून शूटिंग लावलं. मांडवात वारं भरल्याचा आवाज आला, मग सुकन्या त्याला ओरडली, नेहमीच्याच जागी.

"आता ही एकटी ऱ्हायली," वाल्मिक म्हणाला. "ही गेली तर?"

"जोडीला आनखी एक नवी आनलीय. हिच्यावरनं तिच्यावर उतरंल."

"म्हंजे ती आशीच एकीवरनं दुसरीवर जात ऱ्हानार?"

"नुसता आवाज जातो, दाजी."

हे आपल्याला समजलं की नाही, तेच वाल्मिकला कळेना.

"उतरव," तो म्हणाला. "पन ही मी टाकनार न्हाई."

"टाका कोन म्हनलं?"

"मग ठिवू कुठं?"

पंकजानं त्याच्या मांडीवरच्या कुंकवाच्या डिस्ककडे बघितलं आणि नवी जोडायला घेतली.